डोळा का धरत नाही?

अंगणमित्र या बागप्रेमींच्या मंडळाच्या जानेवारीच्या व्याख्यानाला वक्ता मिळत नव्हता. वाचनालयाच्या कार्यवाहांनी मंडळाच्या चिटणीस प्रणालीला स्पष्टच सांगितले होते की, या वेळी तीस माणसे जमली नाहीत तर पहिल्या रविवारचे सभागृह स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अभ्यासासाठी द्यावे लागेल. हे सांगताना त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला होता, आणि त्यांचे म्हणणे अन्यायाचे होते असेही नाही. ऑक्टोबरात चौदा माणसे आली होती, नोव्हेंबरात अकरा, डिसेंबरात नऊ.

दोष लोकांचा नव्हता, हे प्रणालीला ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी मंडळाची चिटणीस झाल्यापासून वक्ते तीच शोधत होती, आणि जो 'येतो' म्हणेल त्याला बोलावत होती. ऑक्टोबरातले पाहुणे द्रवरूप खताच्या बाटल्या विकणारे निघाले. नोव्हेंबरात नागपूरहून बोन्सायचे एक जाणकार आले. त्यांनी एकशे वीस चित्रे दाखवली आणि सोबत आणलेल्या एकुलत्या एका झाडाला कोणाला हात लावू दिला नाही. डिसेंबरचा विषय होता 'हिरवळ आणि मनःशांती'. त्या दिवशी जिना उतरताना मंडळाचे जुने सभासद डोमाजी तिला म्हणाले होते, "पोरी, मनःशांती त लाभली मले. पयल्या दहा मिनिटांतच झोप लागली."

कार्यवाहांशी बोलणे झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतले काम आटोपल्यावर ती खुशालराव सरांकडे गेली.

मंडळ स्थापन केले ते सरांनी. अमरावतीच्या एका शाळेत त्यांनी चौतीस वर्षे जीवशास्त्र शिकवले होते आणि प्रणालीही त्यांचीच विद्यार्थिनी. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि त्यांना ऐकू जवळजवळ येत नसे. कानातले यंत्र त्यांनी चष्म्याच्या घरात ठेवून दिले होते, कारण ते लावले की सारे जग पंख्यासारखे भणभणते, अशी त्यांची तक्रार होती. समोरच्याने पाटीवर लिहावे आणि त्यांनी बोलून उत्तर द्यावे, अशी रीत पडली होती.

प्रणालीने पाटीवर लिहिले, 'जानेवारीला वक्ता सापडत नाही.'

"तू वक्ता शोधून राह्यली, तेच चुकून राह्यलं," सर म्हणाले. "आधी प्रश्न शोध. लोकायले काय इचारायचं हाये ते पाह्य. मंग त्याचं उत्तर कोनापाशी हाये, त्याच्या घरी जा."

वर्गात आणि व्यासपीठावर सरांचे मराठी छापल्यासारखे असे. घरात ते वऱ्हाडीच बोलत. त्यांनी कपाटातून कापडी पुठ्ठ्याची जाड नोंदवही काढली आणि तिच्या हातात ठेवली.

ती वही प्रणालीने त्या संध्याकाळी पहिल्या पानापासून वाचली. ५ सप्टेंबर १९९३ पासूनची प्रत्येक सभा तीत होती. दिनांक, व्याख्याता, विषय, उपस्थिती, प्रश्न आणि उत्तर असे सहा रकाने सरांनी पट्टीने आखले होते. पहिल्या पानाच्या डोक्यावर नियम लिहिला होता : 'उत्तर न मिळाल्यास रकाना मोकळा ठेवावा. अंदाजाने भरू नये.' शेवंतीच्या व्याख्यानाला एकाहत्तर माणसे. 'खुर्च्या अपुऱ्या, शाळेतून सतरंजी आणली.' कुंडीतील कढीपत्ता, अठ्ठावन्न. वाचता वाचता तिला लहानपणी आईसोबत पाहिलेले ते सभागृह दिसू लागले. व्याख्यान संपले की मागच्या बाकावर कलमे आणि फांद्या मांडल्या जात. प्रत्येक जुडी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर बॉलपेनने नाव. आई दोन्ही हातांत जुड्या घेऊन पुढे चालत असे, आणि ओल्या कागदाचा वास घरापर्यंत सोबत येत असे.

आईचे नाव तिला एप्रिल १९९६ च्या पानावर सापडले. 'पार्वताबाई : गुलाबाचा डोळा भरला, पण धरत नाही. का?' उत्तराचा रकाना मोकळा होता.

चांगल्या गुलाबाच्या फांदीवरील फुटवा, म्हणजे डोळा, सालीसकट काढून गावठी गुलाबाच्या मुळावरच्या खोडाच्या, म्हणजे खुंटाच्या, सालीखाली बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची, याला डोळा भरणे म्हणतात. आईला हे एकाच झाडासाठी करायचे होते. नांदगाव खंडेश्वरच्या माहेराहून तिने एका पिवळ्या गुलाबाची काडी आणून लावली होती. झाड जगले, पण स्वतःच्या मुळांवर ते कायम किरकोळच राहिले. वर्षाला चार-पाच फुले देई. त्याचा डोळा दणकट गावठी खुंटावर धरला असता तर ते भरभरून फुलले असते. दर जानेवारीत आई नवे ब्लेड आणी, ओसरीवर बसून डोळा भरी, आणि पंधरा दिवसांनी पट्टी सोडून काळा पडलेला डोळा पाही. "माह्या हाताले गुनच नाई," असे म्हणून ती उठून जाई. पुढे पुढे तर शेजारी कोणी आंब्याची कोय लावायला बोलावले, तरी ती दुसऱ्या कोणाला तरी पाठवू लागली.

सप्टेंबर १९९७, पुन्हा तोच प्रश्न. १९९९ मध्ये दोनदा. प्रणालीने मोजले. आईने तो नऊ वेळा विचारला होता, इतरांनी तेरा वेळा. वेगवेगळ्या वक्त्यांनी पाण्याला, हवेला, अमरावतीच्या कोरडेपणाला दोष दिला होता. सरांनी तो समासात पेन्सिलीने लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले होते, रकाना मात्र मोकळाच ठेवला होता. आईचा शेवटचा प्रश्न २०११ मधला होता. त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली.

आणि हे प्रश्न सुरू होण्याच्या तीनच महिने आधीची नोंद होती : '७ जानेवारी १९९६. विषय : गुलाबावर डोळा भरणे. व्याख्याता : खुशालराव. प्रात्यक्षिक : अकोल्याचे एक माळी. उपस्थिती ८२.' एवढी गर्दी मंडळाने पुन्हा कधी पाहिली नव्हती. प्रणाली तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला सरांचा आवाज आठवत होता, आणि त्यांच्या पाठीमागे टेबलाशी बसलेला, मातकट स्वेटर घातलेला, मान खाली घालून काम करणारा एक माणूस.

वही परत देताना तिने पाटीवर विचारले, 'हे माळी कोण?'

"अब्दुल गफ्फार. कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत व्हता. हात असा, का पाहतच राहावं. पन सभेत दोन वाक्यं बोलला आन अडकला. अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. मंग मीच बोललो, तो करत गेला."

'पुन्हा नाही बोलावलं?'

"दोन पत्रं टाकली. आला नाई." सरांनी वही परत तिच्याकडे सरकवली. "वही तुह्यापाशीच ठेव आता."

*

मूर्तिजापूरमार्गे जाणाऱ्या बसने प्रणाली अकोल्याला पोहोचली तेव्हा अकरा वाजले होते. रोपवाटिकेत चौकशी करून तिने पत्ता आधीच मिळवला होता. मोर्णा नदीचा पूल ओलांडून रिक्षा जुन्या शहरात शिरली आणि एका फाटकाशी थांबली. फाटकावर हाताने रंगवलेली पाटी होती : 'कुलसुम नर्सरी'. आत बदामाच्या सावलीत एक पस्तिशीची बाई स्टुलावर बसून गुलाबांवर डोळे भरत होती. तिच्या बोटांना क्षणाचीही अडखळण नव्हती. शेजारी खाटेवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते.

प्रणालीने आपले नाव आणि येण्याचे कारण सांगितले.

"अमरावतीहून?" अब्दुल गफ्फार सावरून बसले. "खुशालराव मास्तर हायेत अजून?"

"आहेत, चाचा. ऐकू मात्र येत नाही त्यांना."

"मले सारं ऐकू येते. पन हे पाह्य बेटा." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते वाऱ्यावरच्या पानासारखे थरथरत होते. "चार साल झाले, चाकू सोडला. चहाचा कप धराले बी कोनी लागते."

"बोलाले त कोनी लागत नाई ना!" आतून त्यांच्या पत्नीचा, कुलसुमबींचा आवाज आला. "सकाळपासून रेडिओ चालू हाये. बंद कराचं बटन नाई त्याले. घेऊन जा बाई अमरावतीले."

स्टुलावरची बाई हसली. ती अनीसा, त्यांची सून. हात थांबल्यापासून चाचांनी आपले सारे काम तिला तोंडाने शिकवले होते.

"लेक्चर मी एकदाच दिलं," चाचा म्हणाले. "म्हंजे दिलं मास्तरनं, मी चाकू चालवला. आता काय इचारायचं हाये लोकायले?"

"डोळा का धरत नाही, हेच. बावीस वेळा विचारलं आहे वहीत. माझ्या आईनंच नऊ वेळा."

"साल कशी कापते, सांग."

प्रणालीने सांगितले. आईचे हात तिला पाठ होते. खुंटावरची आडवी आणि उभी चीर, डोळ्यामागचे लाकूड हलकेच काढणे, तो सालीखाली सरकवणे. चाचा मान हलवत होते. "बराबर. बराबर. आन पट्टी?"

तिने खिशातले पेन काढले. अनीसाने तिच्यापुढे प्लास्टिकची पट्टी केली. प्रणालीने पेनाच्या खालच्या टोकापासून वरपर्यंत वेढे दिले, आईसारखे, एकावर एक, कुठेही फट न ठेवता.

अनीसाचा हात थांबला. "अब्बा," ती हळूच म्हणाली, "डोळाच बुजवला."

"हे कोनं शिकवलं?" चाचांनी विचारले.

"तुमच्याच त्या कार्यक्रमात..."

कुलसुमबी चहा घेऊन आल्या आणि चाचांचा चेहरा पाहून कप ठेवून गेल्या.

"मी डोळा मोकळाच ठेवला व्हता," ते अखेर म्हणाले. "वेढे त्याच्या वर द्याचे आन खाली. तो बुजवला का सडते. मास्तर लोकायकडं तोंड करून बोलून राह्यले व्हते. माह्या हाताकडं त्यायची पाठ. ते म्हनले, आता संपूर्ण डोळा झाकून घट्ट पट्टी बांधायची. मी म्हटलं, सर... पन माइक त्यायच्या हाती. समोर एवढी मानसं. मले वाटलं, घरी जातीन, करतीन, दोन-चार मरतीन, मंग समजन."

"नाही समजलं, चाचा. लोकांनी पाण्याला दोष दिला. आईनं स्वतःच्या हाताला दिला."

"या अल्ला."

"सरांनी तुम्हाला पत्रं पाठवली होती."

"आलती. पन येऊन काय करतो? आलो असतो त सांगाव लागलं असतं. मास्तरले समद्यायसमोर खोटं पाडायले मी अमरावतीले येऊ काय?"

आईचे नऊ प्रश्न ऐकल्यावर चाचांना नाही म्हणवेना. ते बोलतील आणि अनीसा करून दाखवेल, असे पक्के करून निघताना प्रणाली फाटकाशी थांबली. "चाचा, त्या दिवसाचा विषय सभेत काढू नका. सर थकले आहेत."

"मी कावून काढीन?" चाचा म्हणाले. "पन पट्टी खोटी नाई बांधनार, बेटा. अनीसा बी नाई."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. कापूस उचललेली रिकामी शेते मागे जात होती, आणि तिला ओसरीवरून उठून जाणारी आई दिसत होती. विषय बदलता आला असता. मोगऱ्याची छाटणी, कुंडीची माती, कशावरही चाचा तासभर बोलले असते, आणि सरांना कोणी काही विचारले नसते. पण मग वहीतले बावीस रकाने मोकळेच राहिले असते. आणि ते मोकळे ठेवायला सरांनीच शिकवले होते, खोटे भरायला नव्हे.

घरी येऊन तिने सूचना लिहिली : 'गुलाबाचा डोळा का धरत नाही? बोलणार : अब्दुल गफ्फार. करून दाखवणार : अनीसा. कुलसुम नर्सरी, अकोला.' ती सूचना दाखवायला प्रणाली सरांकडे गेली. पाटी घेऊन तिने 'सर, १९९६ मध्ये' एवढे लिहिले, पुसले, आणि नुसती सूचना पुढे केली. सरांनी ती दोनदा वाचली. "हे व्याख्यान चालन," ते म्हणाले. "गफ्फार येऊन राह्यला, चांगलं झालं."

सूचना सभासदांच्या मोबाइलवर गेली आणि तासाभरात फोन सुरू झाले. वर्षानुवर्षे न फिरकलेली माणसे वेळ विचारत होती. डोमाजी म्हणाले, "माहे सतरा डोळे मेले आजपर्यंत. त्या मानसाले मी जाब इचारनार हावो."

*

पाच जानेवारीला सभागृहात एक्केचाळीस माणसे होती. कार्यवाहांनी दारात उभे राहून ती मोजली आणि स्वतःही मागे बसले. सरांची खुर्ची प्रणालीने टेबलापासून दोन हातांवर, पहिल्या रांगेत ठेवली होती. चाचा आत येताच सर उठले. दोघांनी एकमेकांचे हात धरले.

चाचांनी माइक घेतला तो अनीसाच्या मदतीने, आणि मग त्यांना कोणी थांबवू शकले नाही. अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी, तीच जुनी भाषा. कोणालाही ती कळायला अडचण पडली नाही. खुंट पेन्सिलीएवढा हवा, त्याहून जाड झाला तर म्हातारा समजा. डोळा काढायची फांदी नुकती फुलून गेलेली असावी. "अन डोळ्यावर नजर ठेवा, टीव्हीवर नाई," असे त्यांनी म्हटल्यावर सभागृह हसले. प्रणालीने आईच्या गुलाबाची काडी अनीसाला दिली. झाड आता फार थकले होते. ती त्याची एकमेव जोमदार फांदी होती. अनीसाने डोळा कापला, पानाचा छोटा देठ त्यावर तसाच ठेवला आणि तो कुंडीतल्या गावठी खुंटाच्या सालीखाली सरकवला. मग पट्टी घेतली. दोन वेढे खाली, दोन वर.

"थांबा थांबा," डोमाजी उभे राहिले. "ते मधातलं राह्यलं ना! डोळा झाकाचा हाये, आमाले सरनंच सांगितलं व्हतं. इथंच. या टेबलावर."

मागच्या रांगांतून होकार उमटले. माणसे सरांकडे पाहू लागली.

चाचांनी माइक किंचित खाली घेतला. "त्या साली थंडी लय व्हती," ते म्हणाले. "म्हून झाकला व्हता. मास्तरनं बराबर सांगितलं व्हतं."

अनीसाने मान वर करून सासऱ्याकडे पाहिले.

सरांना यातले काही ऐकू आले नव्हते. पण डोमाजीचे बोट आपल्याकडे वळलेले त्यांनी पाहिले होते, आणि चाचांनी खाली घेतलेली नजरही. त्यांनी पाटी प्रणालीकडे सरकवली. "काय म्हनून राह्यले?"

प्रणालीने खडू घेतला. चाचांनी दिलेले उत्तर तीन शब्दांत लिहिता आले असते. 'थंडीमुळे झाकला होता.' सर मान डोलावतील, सभा पुढे जाईल, आणि कोणाचेही काही बिघडणार नाही. तिने टेबलावरच्या पिवळ्या गुलाबाच्या काडीकडे पाहिले आणि लिहिले, 'सर, डोळा पट्टीने पूर्ण झाकायला आपण सांगितले होते. चाचांनी तेव्हाही डोळा मोकळा ठेवला होता.'

सरांनी वाचले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले. मग ते खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले आणि सभेकडे वळले.

"मी आत्ता पाह्यलं ते," ते म्हणाले. आवाजाचा अंदाज न राहिल्यामुळे ते फार मोठ्याने बोलत होते. व्यासपीठावर त्यांना वऱ्हाडी बोलताना लोक प्रथमच ऐकत होते. "त्या दिवशी मी तुमच्याकडं पाहून बोलून राह्यलो व्हतो. यायच्या हाताकडं पाह्यलंच नाई. पुस्तकात आंब्याच्या कलमाची पट्टी वाचली व्हती, ती सांगितली. आज ऐकू येत नाई म्हून नुसते हातच पाहून राह्यलो, त दिसलं. चूक माही हाये. पान्याची नाई, तुमच्या कोनाच्या हाताची बी नाई."

मग डोमाजी म्हणाले, "सर, सतरा डोळे गेले माहे." सरांना ते ऐकू आले नाही आणि ते कोणी लिहूनही दिले नाही. डोमाजीच पुढे आले, सरांना खुर्चीत बसवले आणि त्यांच्याच शेजारी बसून अनीसाला म्हणाले, "पुन्हा बांधून दाखव, बाई. सावकाश."

सभा संपल्यावर सरांनी वही मागितली. एप्रिल १९९६ चे पान काढून आईच्या प्रश्नापुढच्या मोकळ्या रकान्यात त्यांनी लिहिले : 'पट्टी चुकीची शिकवली गेली. पार्वताबाईंच्या हाताचा दोष नव्हता. – खुशालराव.' एवढे लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी मागची पाने उलटून '७ जानेवारी' काढले आणि 'एक माळी' या शब्दांवर पेन टेकवले.

"ते कापू नका, मास्तर," खांद्यावरून पाहणारे चाचा म्हणाले. "माळीच व्हतो मी." आणि सरांना कळले नाही म्हणून त्यांनी थरथरत्या हाताने पेन अडवले.

प्रणालीने ते पाटीवर लिहिले. सरांनी मग फक्त 'एक' खोडले आणि त्याच्या वर नाव लिहिले.

मागच्या बाकावर त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी ओल्या वर्तमानपत्राच्या जुड्या मांडल्या गेल्या होत्या. फेब्रुवारीच्या विषयासाठी प्रणालीने वहीतला दुसरा मोकळा रकाना निवडला, लिंबाचा फुलोरा गळण्याचा, आणि उत्तर कोणापाशी असेल याची चौकशी सुरू केली.

आईच्या गुलाबाचा डोळा भरलेली कुंडी तिने ओसरीवर, आई बसत असे तिथेच ठेवली. चाचांनी खूण सांगून ठेवली होती : तीन आठवड्यांनी देठाला बोट लावायचे, तो अलगद गळाला तर डोळा धरला, सुकून चिकटून राहिला तर गेला. एकविसाव्या दिवशी सकाळी ती कुंडीपुढे बसली. मग तिने बोट लावले.

देठ कुंडीतल्या मातीवर पडला. त्याच्या जागी हिरवा, टपोरा डोळा होता.

तिने अकोल्याला फोन लावला. तो कुलसुमबींनी घेतला. "गळाला? अजी, गळाला म्हनते!" त्या आत ओरडल्या. पलीकडून चाचांचा आवाज जवळ येत गेला.

"पट्टी सोडू नको म्हना तिले! अजून आठ दिवस. अन वरचा खुंट एकदम कापू नको म्हना... दे, फोन इकडं दे, मीच सांगतो."